पत्र न लिहिणारे श्रोते

साहेब बदलले म्हणून मला नोकरी लागली. आधीचे साहेब होते तोवर रेडिओ केंद्राला माझ्यासारखीची गरज नव्हती. ते मराठी माणूस. कार्यक्रम चालू असताना कॉरिडॉरमधल्या स्पीकरखाली डोळे मिटून उभे राहायचे, आणि डोळे उघडले की कार्यक्रमाचा निकाल लागलेला असायचा. "बरा होता" एवढं म्हणाले की कार्यक्रमवाले वर्षभर निर्धास्त. ते निवृत्त झाले आणि नवे साहेब उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावातल्या केंद्रावरून बदलून आले. त्यांना मराठी येत नव्हतं. म्हणून त्यांनी श्रोत्यांची पत्रं वाचून इंग्रजीत गोषवारा लिहून देणारं माणूस मागितलं, आणि नुकती बी.ए. झालेली, कॉन्व्हेंटात शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी मी तिथे जाऊन बसले. मुलाखतीत त्यांनी मला फक्त एक परिच्छेद लिहायला दिला. बोलायला लावलं असतं तर मी अंधेरीला परत येऊन एम.ए.चा फॉर्म भरला असता.

मुंबईत टीव्ही येऊ घातला होता ते दिवस. इंजिनीयर मंडळी जेवणाच्या सुट्टीत कोण तिकडे जाणार यावरच बोलायची. रेडिओचं पुढे काय होणार, ही काळजी नव्या साहेबांना सगळ्यांच्या वतीने वाटत असावी. ते बारीक, हळू आवाजात बोलणारे, कोमट पाणी पिणारे होते, आणि मुंबईच्या डिसेंबरातही बिनबाह्यांचा स्वेटर घालायचे. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ज्या कार्यक्रमाला पत्रं येत नाहीत, तो म्हणजे रिकाम्या खोलीत स्वतःशी बोलणारा माणूस. ते बोलणं कितीही सुंदर असो, आपण त्याला हळूच बाहेर आणलं पाहिजे."

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता लागला. दर कार्यक्रमापुढे रंगीत पेन्सिलीने एक पट्टी. जितकी पत्रं तितकी पट्टी लांब. फर्माइशी गाण्यांची पट्टी पहिल्याच महिन्यात तक्त्याबाहेर गेली आणि भिंतीवर थोडी ओढावी लागली. बायकांच्या कार्यक्रमाची चांगली हातभर होती. मुलांच्या कार्यक्रमाची त्याहून थोडी कमी, पण तिच्यात शाळेच्या मास्तरांनी वर्गात बसवून लिहून घेतलेली पत्रं बरीच होती. मी तसं गोषवाऱ्यात लिहिलं नाही.

कोळी बांधवांसाठीच्या कार्यक्रमापुढे मात्र तीन महिन्यांत पट्टीच नव्हती. अगदी खरं सांगायचं तर एक पत्र आलं होतं. नागपूरच्या एका गृहस्थांचं. ते सगळ्याच कार्यक्रमांना पत्र लिहायचे. "भरती-ओहोटीच्या वेळा ऐकून मन प्रसन्न झालं," असं त्यांनी कळवलं होतं. साहेबांनी मला विचारलं, नागपुरात समुद्र आहे का. मी नाही म्हटलं. त्यांनी ते पत्र बाजूला ठेवलं.

हा कार्यक्रम दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला वीस मिनिटं असायचा. त्यात एक मावशी आणि एक दादा गप्पा मारायचे. नायलॉनची जाळी, सोसायटीचा बर्फ, इंजिनाच्या होड्या, असे विषय. मध्ये एक गाणं. शेवटी पुढच्या आठवडाभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा निवेदक वाचून दाखवायचा. दादा हे केंद्रातले पगारी कलाकार. राहायला गिरगावात, पाण्याचा त्यांचा संबंध चौपाटीपुरता. मावशी मात्र खरीखुरी वेसाव्याची कोळीण होती. आधीच्या साहेबांनी तिला म्हणे अंधेरीच्या बाजारात एका गिऱ्हाइकाशी भांडताना ऐकलं होतं आणि तिथेच डोळे मिटून उभे राहिले होते. तिला वाचायला फारसं येत नव्हतं. दर बुधवारी रेकॉर्डिंगच्या आधी दादा तिला संवाद दोनदा वाचून दाखवायचे, की ते तिला पाठ. आठ वर्षं तिचं असं चाललं होतं.

मला मावशी ही रेडिओच्या आधीपासून माहीत होती, कारण दर रविवारी सकाळी ती आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची. केंद्रात पहिल्या दिवशी मला बघून तिने अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "ही आमची हाय. हिच्या आईला बारीक कोलंबी आवडते." त्यानंतर आठवडाभर मी कॉरिडॉरमधून भिंतीच्या कडेने जात होते.

रेडिओत सगळं तीन-तीन महिन्यांच्या हिशेबाने चालतं. कार्यक्रमांचा आराखडा तीन महिन्यांचा, माझं कॉन्ट्रॅक्टही तीन महिन्यांचं. तिमाही संपायला तीन आठवडे उरले असताना साहेबांनी पुढच्या आराखड्याचा मसुदा काढला, आणि तो माझ्याकडे मराठीत करायला आला. त्यात सातव्या ओळीवर होतं: कोळी बांधवांसाठीचा कार्यक्रम या तिमाहीअखेर बंद, शुक्रवारच्या त्या वेळात तरुणांसाठी प्रश्नमंजूषा. कारण: श्रोत्यांचा प्रतिसाद शून्य.

ते शून्य माझ्या हातचं होतं. मीच ते दर आठवड्याला, नीट गोल काढून, गोषवाऱ्यात लिहीत आले होते.

मी कुणाला काही बोलले नाही. ऑफिसचं ऑफिसात ठेवायचं, अशी माझी आपली समजूत होती, आणि खरं म्हणजे न बोलणं मला सोपं जायचं. पण रविवार आला आणि मावशी दारात टोपली उतरवून बसली.

आई म्हणाली, "हे पापलेट कालचं दिसतंय."

"कालचं?" मावशी म्हणाली. "ताई, ते तुझ्याकडं बघतंय. तूच त्याच्याकडं नीट बघ."

"बघतेय. डोळा आत गेलाय."

"तुझा भाव ऐकून गेला."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माशाकडे बघतच मी म्हटलं, "मावशी, तुमचा कार्यक्रम बंद होणार आहे."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आपणहून बोलले याचंच आईला जास्त आश्चर्य वाटलं असावं.

"कोन म्हनतो?" मावशीने विचारलं.

"नवे साहेब. पत्रं येत नाहीत म्हणून."

"कसली पत्रं?"

"ऐकणाऱ्यांची. कार्यक्रम आवडला की लोक कार्ड टाकतात."

मावशीने हातातला कोयता खाली ठेवला. "आवडला म्हनून कार्ड? गो बाय, आमच्यात कार्ड कवा येतं, ठाव हाय? कोपरा फाडलेलं. कोन गेलं का येतं. पोस्टमन गल्लीत वळला का बाया आधी रडाया घेतात, वाचनारा मागनं येतो. आपल्या आवडत्या मानसाच्या घरी कोन कार्ड धाडतं?"

आई म्हणाली, "खरं आहे. आमच्याकडेही असलं कार्ड घरात घेत नसत. वाचून बाहेरच फाडायचे."

मला हे माहीतच नव्हतं. माझ्या शाळेत पत्र म्हणजे वर तारीख, उजवीकडे पत्ता आणि शेवटी आपली विश्वासू.

"मग कार्यक्रम आवडला, तर तुमची माणसं काय करतात?" मी विचारलं.

"देतात."

"काय देतात?"

मावशी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत राहिली. "दर बुधवारी मी पिशवी आनते, ती काय माझे घरची असते?"

ती पिशवी केंद्रात सगळ्यांना माहीत होती. रेकॉर्डिंगला येताना मावशी सुके बोंबील, जवळा, सोडे असं काहीबाही कागदाच्या पुड्यांत बांधून आणायची. पिशवी इंजिनीयरांच्या खोलीत उघडायची आणि दहा मिनिटांत रिकामी व्हायची. कांदिवलीहून येणाऱ्या टायपिस्टबाई बुधवारी मुद्दाम मोठी पर्स आणायच्या. मावशीचा हात सढळ, असं सगळे म्हणायचे. मीही दोनदा पुडी घेतली होती. आईने ते सोडे वांग्यात घातले होते.

म्हणजे पत्रं येत होती. आम्ही ती खात होतो.

"ते सोडे?" आई म्हणाली. "फार छान होते गं ते."

"असनारच. माझ्या भावजयीच्या आईचे ते. तिनं सांगून धाडलं हुतं, का ताडपत्रीवर म्हावरं सुकवायचं बोललीस ते मला पटलं, पन त्या दादाला सांग, होडीचं पुढचं टोक कंचं नि मागचं कंचं ते आधी शीक."

"असं प्रत्येक पुडीबरोबर काही सांगून पाठवतात?"

"नुसतं कोन कशाला देईल?"

"आणि तुम्ही ते कुणाला सांगायचात?"

"दादाला. तो हसायचा नि पुडी घ्यायचा."

मी आत जाऊन वही आणली. मावशीची पाठांतराची ताकद मला त्या दिवशी कळली. पुडी कुणाची, कोणत्या महिन्यातली, आत काय होतं आणि बरोबर निरोप काय होता, हे सगळं ती एकामागून एक सांगत गेली. एकीला गाणं आवडलं होतं, पण लग्नातल्या गाण्याला पेटी कशाला, असं तिचं म्हणणं होतं. एकीच्या नवऱ्याने जाळ्याची माहिती ऐकून तसं जाळं आणलं होतं आणि ते चांगलं निघालं होतं. त्याबद्दल एक शेर जवळा. आणि जवळजवळ सगळ्यांची एक तक्रार होती, की वेळा सांगणारा फार घाईत असतो. आईने मध्ये दोनदा चहा केला. पापलेट कालचं की आजचं, हे राहूनच गेलं. दुपारी मावशी उठली तेव्हा माझी अकरा पानं भरली होती, आणि आमच्या मजल्यावरच्या बाकीच्या बिऱ्हाडांना त्या रविवारी मासे मिळाले नव्हते.

सोमवारी मी त्या पानांचा इंग्रजी गोषवारा करून साहेबांपुढे ठेवला. मी स्वतः दोन पुड्या नेल्या होत्या, तेही शेवटी लिहिलं. त्यांनी सगळं सावकाश वाचलं. जवळा म्हणजे काय, असं विचारलं. मी सांगितलं. ते शाकाहारी होते. त्यांनी मान हलवली आणि थोडं पाणी प्यायले.

मग म्हणाले, "हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण कार्यक्रम चालू राहावा असं या बाईंना वाटणारच. त्या तुमच्या घरी येतात. आणि लिहून घेणाऱ्या तुम्ही. मी यातलं काय माझ्या डोळ्यांनी पाहू शकतो?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच वाईट वाटलं. मी खोलीबाहेर जायला वळले, दारापर्यंत गेले, आणि मग माझ्या तोंडून नोकरीतलं सगळ्यात लांब वाक्य बाहेर पडलं. "सर, शुक्रवारी साडेसहाला तुम्ही वेसाव्याला या, मी तिथे असेन, आणि मी कुणालाही आधी सांगणार नाही."

त्यांनी डायरी उघडून बघितली. "शुक्रवारी संध्याकाळी मला काही नाही," ते म्हणाले.

गल्ली तिची, म्हणून मावशीला सांगावंच लागलं. पण मी तिला हात जोडून विनवलं, की गल्लीत कुणाला बोलू नका, मांडव नको, हार नको, खुर्च्या नकोत. "हार कशाला घालू त्याला?" ती म्हणाली. "कार्यक्रम बंद करतो म्हनून?"

शुक्रवारी साहेबांना घेऊन आलेली ऑफिसची गाडी मला अंधेरीहून घेऊन वेसाव्याकडे निघाली. सात बंगल्याच्या पुढे गेल्यावर वास सुरू झाला. रस्त्याच्या कडेने बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते, तोरणासारखे. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, ड्रायव्हर आरशातून बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी त्या रुमालाने चष्मा पुसला.

मावशीची गल्ली अरुंद होती. तिच्या ओट्यावर पाच-सहा बायका कोलंबी निवडत बसल्या होत्या. मावशीही त्यांच्यातच होती. कार्यक्रम बुधवारी रेकॉर्ड झालेला, त्यामुळे शुक्रवारी ती मोकळी असायची. आम्हाला बसायला एक बाकडं मिळालं. कुणी विशेष चौकशी केली नाही. भिंतीवरच्या खिळ्याला चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर टांगलेला होता. साडेसहा झाले, कार्यक्रमाची सुरुवातीची धून वाजली, आणि एकीनेही मान वर केली नाही. गप्पा चालूच राहिल्या. पलीकडे कुणीतरी कुणाला तरी कालच्या भांडणाचं सांगत होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग ट्रान्झिस्टर बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघत होते. त्या क्षणी मला वाटलं, शून्यच बरोबर होतं.

रेडिओतली मावशी म्हणाली, "काय दादा, आज लई खुशीत?"

रेडिओतले दादा म्हणाले, "मावशी, काल मी बंदरावर जाऊन आलो."

ओट्यावरची सगळ्यात म्हातारी बाई कोलंबीवरून नजर न काढता म्हणाली, "चप्पल भिजली का इचार त्याला."

सगळ्या खो खो हसल्या. साहेब माझ्याकडे झुकले. "काय म्हणाल्या त्या?"

"त्यांना शंका आहे, की दादा खरंच बंदरावर गेले होते का."

"हसणं तुमच्या भाषांतरापेक्षा बरंच मोठं होतं," साहेब म्हणाले.

मग मी शब्दाला शब्द सांगायला लागले. दादा एक वाक्य बोलायचे, की ओट्यावरून त्याला उत्तर जायचं. गप्पा थांबल्या नव्हत्याच. रेडिओही त्या गप्पांतलाच एक होता, एवढंच मला आधी कळलं नव्हतं. रेडिओतली मावशी सोसायटीच्या बर्फाबद्दल बोलायला लागली, तशी एक तरणी बाई खऱ्या मावशीकडे वळली.

"बर्फाचं ह्ये खोटं बोललीस गो. सोसायटीचा बर्फ दुपारीच सरतो."

"मला सांगितलं ते मी बोलले."

"मंग लिहिनाऱ्याला इकडं आन."

आता पहिल्यांदाच सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं.

"हा काय तो?" तरण्या बाईने विचारलं.

"ह्यो त्याच्याहून मोठा," मावशी म्हणाली.

"मंग ह्याला तर म्हाईतच नसंल."

हेही मी भाषांतर करून सांगितलं. माझे कान गरम झाले होते. साहेब हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. खांदे हलायचे, आवाज यायचा नाही.

गाणं झालं. मग निवेदकाचा आवाज आला आणि एकदम गल्ली शांत झाली. एकीने ओले हात लुगड्याला पुसून आवाज मोठा केला. निवेदक भरती-ओहोटीच्या वेळा वाचायला लागला. शनिवार, रविवार, सोमवार, सरळ धावत सुटल्यासारखा. बायका ओठ हलवत होत्या, पण सगळ्या एकदम नाही. आधी एक पुटपुटली, मग तिच्या शेजारची, मग पुढची. वेळा संपल्या आणि पुन्हा बोलणं सुरू झालं.

"हे काय चाललं होतं?" साहेबांनी विचारलं. मलाही माहीत नव्हतं. मी मावशीला विचारलं.

"वाटून घेतलेत वार," ती म्हणाली. "तो थांबत नाय, तर एकीला सगळं कसं ध्यानात राहनार? ही शनवारची, ती आयतवारची, म्हातारी सोमवारची. मंग ज्याला पाहिजे तो तिच्या दारात जाऊन इचारतो."

"आणि मंगळवारची?" मी विचारलं.

ओट्यावर जरा चुळबुळ झाली. "मंगळवारवाली मढला गेली," तरणी बाई म्हणाली. "लग्नाला."

"मग मंगळवारचं काय?"

"मंगळवारची वाट लागली."

साहेबांनी माझ्यामार्फत विचारलं, की कोळ्यांना भरती-ओहोटी तिथीवरून पाठच असते असं त्यांनी ऐकलं होतं. म्हातारी म्हणाली, "असते की. मला झोपेत इचार. पन बर्फाची लॉरी तिथीवर येत नाय, घड्याळावर येते. लॉरीवाल्याला काय अष्टमी सांगू?"

साहेबांनी खिशातून छोटी वही काढली आणि स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. हे सगळं तुम्ही आम्हाला पत्राने का नाही कळवत?

म्हातारीने पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं. तिने साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, "ह्याच्या घरी समदी बरी हायत ना?"

"हो."

"मंग उगा कशाला कार्ड धाडून पोरांना घाबरवायचं?"

मी साहेबांना कोपरा फाडलेल्या कार्डाचं सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. "हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "पण मी तरी कुणाला विचारलं होतं?"

निघताना म्हातारी आत गेली आणि वर्तमानपत्रात बांधलेली बोंबलांची जुडी घेऊन आली. मावशी तिच्या कानाशी लागली, "साहेब खात नाय."

"न खाईना," म्हातारी म्हणाली. "मी द्यायचं म्हनून देते. त्याला सांग, वेळा सांगनाऱ्याला म्हनावं, तुझी गाडी सुटत नाय, दमानं सांग."

साहेबांनी जुडी दोन्ही हातांनी घेतली. गाडीत ती त्यांच्या पायाशी होती, आणि अंधेरीपर्यंत सगळ्या काचा उघड्या होत्या. माझ्या घराच्या वळणावर ते म्हणाले, "रजिस्टरमध्ये नोंद करा. पत्र, एक."

"आणि हे?" मी जुडीकडे बघून विचारलं.

ड्रायव्हरने मागे वळून न बघताच सांगितलं, की ते मी बघतो.

पुढच्या आठवड्यात नवा आराखडा निघाला. तो मराठीत करायला पुन्हा माझ्याकडेच आला, आणि मी उभ्यानेच सातवी ओळ शोधली. कोळी बांधवांसाठीचा कार्यक्रम आणखी एक तिमाही चालू. प्रश्नमंजूषेला जागा हवी म्हणून वीसऐवजी पंधरा मिनिटं. भरती-ओहोटीच्या वेळा सावकाश आणि दोनदा वाचाव्या. संवाद लिहिणाऱ्याने आणि दादांनी महिन्यातून एकदा होडीतून समुद्रावर जाऊन यावं. दादांनी ही ओळ वाचली तेव्हा मी तिथे होते. त्यांनी ती पुन्हा वाचली आणि खुर्चीत बसून घेतलं. त्यांना गाडीतसुद्धा मळमळायचं.

शेवटच्या ओळीत मी होते. दर महिन्याला एका कोळीवाड्यात जाऊन, आधी वेसावे, मग मढ, मग ट्रॉम्बे, तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकायचं, आणि ते पत्र म्हणून रजिस्टरमध्ये लिहायचं. तक्त्यावर त्याची पट्टी ओढली जाणार होती. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या मला साहेबांनी अख्ख्या किनाऱ्याशी बोलायचं काम दिलं होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ट्रॉम्बेला कसं जायचं ते वडिलांना विचारलं.

रविवारी मावशी आली. आईने आधीच दार उघडून ठेवलं होतं. मी आराखड्यातला तेवढा भाग उतरवून आणला होता, तो मावशीला वाचून दाखवला. ती टोपलीवर हात ठेवून, डोळे बारीक करून ऐकत होती, संवाद पाठ करताना ऐकायची तशी.

"तीन महिनं?" ती म्हणाली. "सुका बोंबील याच्याहून जास्त टिकतो."

"अगं, पण बंद तर नाही ना झाला," आई म्हणाली.

"नाय. ते खरं." तिने चेहरा पुसला. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"पाच मिनिटं कापनार, ती कंची?"

"अजून ठरलं नाही."

"दादाची कापा."

"असं सांगू साहेबांना?"

"सांग की. मीच सांगते म्हनून सांग. नि हे घे." तिने टोपलीच्या तळातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. "नुसतं सांगू नको."

मी वही आणून लिहून घेतलं: वेसावे, हस्ते पोच, सोडे, निरोप वरीलप्रमाणे. सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर नव्या तिमाहीचं पहिलं पत्र म्हणून तेच होतं. त्यांनी ते वाचलं, लाल पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं, "दोन मिनिटं मान्य." मग उठून तक्त्यापाशी गेले आणि कोळी बांधवांच्या कार्यक्रमापुढे, नखाएवढी का होईना, पट्टी ओढली.

पुढे मी तिथे होते तोवर तो कार्यक्रम दर तीन महिन्यांनी बंद होता होता चालू राहिला.